कारभाऱ्याला हसायला शिकविले कोणी?

घरातल्या कर्त्या माणसाला हसायचे नाही, ही आपल्याकडची जुनी रीत. सासऱ्याने सदरा उलटा घातला तरी सून तोंडाला पदर लावून आत जाईल, सांगणार नाही. ही रीत सैल करण्याचे काम पुढाऱ्यांच्या भाषणांनी झाले नाही तेवढे दूरदर्शनच्या विनोदी मालिकांनी केले, असे माझे मत आहे. मात्र ते काम घराच्या उंबऱ्यापर्यंत झाले. वावराच्या धुऱ्यावर येऊन ते थांबले.

मराठीत सुरुवात चिमणरावांची. चिं. वि. जोशी यांच्या कथांवरून मुंबई दूरदर्शनने सत्तरच्या दशकाच्या अखेरीस ‘चिमणराव गुंड्याभाऊ’ दाखविली. दिलीप प्रभावळकर चिमणराव, बाळ कर्वे गुंड्याभाऊ. नांदुऱ्याला तेव्हा मुंबईचे चित्र दिसत नव्हते. आपल्या वडीलधाऱ्यांना चिमणराव भेटला असेल तर पुस्तकातून. पण मुंबई-पुण्याच्या घरांनी तेव्हाच पाहिले की घरचा पोशिंदा घाबरतो, फसतो, आणि तरी घर त्याच्यावर माया करते.

१९८४ साली देशात ठिकठिकाणी लहान प्रक्षेपण केंद्रे उभी राहिली. हळूहळू गावात संच आला आणि एका संचापुढे अर्धी आळी बसू लागली. त्याच वर्षी ‘ये जो है जिंदगी’ सुरू झाली. लेखक शरद जोशी. (हे हिंदीतले विनोदी लेखक. आपल्या शेतकरी संघटनेचे शरद जोशी वेगळे.) मालिकेतली बायको नवऱ्याशी बरोबरीने बोले, त्याची थट्टा करी. चारचौघांत नवऱ्याशी शब्द न बोलणाऱ्या बाया हे सासूशेजारी बसून पाहत, आणि सासूही हसे.

पुढे १९९५ साली ‘हम पांच’ आली. अशोक सराफ पाच मुलींचे बाप. मुलगा नाही. पहिली बायको भिंतीवरच्या फोटोतून टोमणे मारते, मुली बापाला सळो की पळो करून सोडतात, पण घर रडके नाही. घरोघर लोक हसले. आणि आपल्या जिल्ह्यात काय झाले? २००१ च्या जनगणनेत बुलढाणा जिल्ह्यात सहा वर्षांच्या आतील दर हजार मुलग्यांमागे ९०८ मुली होत्या. २०११ साली त्या ८५५ उरल्या. म्हणजे पाच मुलींच्या बापाला हसून दाद देणारी माणसे दुसरी मुलगी नको म्हणून तपासणीची चिठ्ठी शोधत होती. आज त्याच घरांतली पोरे तिशी ओलांडून स्थळाची वाट पाहत आहेत. शेतकरी नवरा नको म्हणतात, ही तक्रार खरीच. पण मुलीच जन्माला येऊ दिल्या नाहीत, हेही त्या तक्रारीत लिहायला हवे.

२००२ च्या ‘खिचडी’त वेगळी गंमत होती. पारेख कुटुंबाला जुना वाडा विकून वेगळे व्हायचे आहे, आणि म्हातारा काही होकार देत नाही. आपल्याकडे हा विनोद नाही. वाडा एकदा विकला की वाद मिटतो. वावराचे तसे नसते. विहीर कोणाची, वाट कोणाच्या धुऱ्यावरून, हे दर पिढीला नव्याने निघते. याच सुमारास, २००१ ते २००५, अल्फा मराठीवर ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ चालली. पुन्हा प्रभावळकरच, आता आजोबा. हे आबा हुकूम सोडत नाहीत, नातवंडांशी दोस्ती करतात, रोज अनुदिनी लिहितात. (शेतीच्या हिशेबाची वही रोज लिहा, हे सांगून मी थकलो. आबांचे ऐकून कोणी लिहू लागला असेल तर आनंद आहे.)

माझ्या नोकरीत एक फरक मी डोळ्यांनी पाहिला. हंगामाआधीच्या बैठकीला पूर्वी नुसती पुरुष मंडळी असत. आता बाया येतात, मागे का होईना बसतात, आणि “कपाशी कमी करा, तूर वाढवा” असे नवऱ्यादेखत म्हणतात. एकट्या मालिकांमुळे हे झाले नाही. बचत गट आले, मुली शिकल्या. पण नवऱ्याला चारचौघांत टोकले तर आभाळ कोसळत नाही, हे पडद्यावर आधी दिसले होते.

सातबाऱ्याची गोष्ट मात्र निराळी. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम काढून बायकोच्या नावे जमीन करा म्हटले. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलासारखा हक्क महाराष्ट्राने १९९४ साली दिला, देशाच्या कायद्यात तो २००५ साली आला. तरी बहिणीची हक्कसोडपत्रावर सही आधी, आणि राखीला साडी नंतर, हे घरोघर चालूच आहे. विनोदी मालिकांतले घर पगारावर चालते. तिथे जमीन नाही, त्यामुळे सही कोणाची हा प्रश्नही नाही.

आता तर प्रत्येकाच्या हातात मोबाईल. सून एका कोपऱ्यात हसते, सासरा दुसऱ्या, आणि कोण कशाला हसले ते एकमेकांना कळत नाही. शेतकऱ्याच्या घरावर कोणी मालिका काढलीच, तर पहिला भाग मी सुचवतो: बहीण माहेरी आली आहे, तलाठ्याकडे जायचे आहे, आणि तिघे भाऊ तिला चहा करून द्यायला एकाच वेळी चुलीपाशी धावले आहेत.