पवनचक्की आणि पांखरांची वाट

सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरापलीकडे पूर्वेस गवताळ टेकड्यांची एक रांग आहे. तिच्यांतील एका खिंडीस आल्टामॉन्ट म्हणतात. उन्हाळ्यांत कॅलिफोर्नियाचें मध्यवर्ती खोरें तापतें, तेथील हवा हलकी होऊन वर चढते आणि तिची जागा भरून काढण्यास समुद्रावरची गार हवा या खिंडींतून वेगानें आंत धांवते. १९८० नंतरच्या दशकांत येथें हजारों पवनचक्क्या उभ्या राहिल्या. कोळसा नाहीं, धूर नाहीं, राख नाहीं. केवळ वाऱ्यावर वीज! पण पुढें त्या मनोऱ्यांच्या पायथ्याशीं सोनेरी गरुड मरून पडलेले आढळूं लागले, आणि तेहि दरवर्षीं डझनांनीं.

असें कां व्हावें ? या टेकड्यांवर बिळें करून राहणाऱ्या खारी विपुल आहेत, आणि गरुडाचें तें आवडतें भक्ष्य. वारा ज्या उतारावर आपटून वर चढतो, त्या उतारावर गरुडास पंख न हलवितां तासन्‌तास तरंगतां येतें. चक्की उभारणारासहि नेमका तोच वारा हवा असतो. शिकारीच्या शोधांत असलेल्या पक्ष्याची नजर खालीं जमिनीवर खिळलेली असते. मोठ्या चक्कीचें पातें दुरून संथ दिसलें, तरी त्याचें टोंक ताशीं २०० किलोमीटरांहून अधिक वेगानें फिरत असतें. तें पक्ष्याच्या ध्यानांत येईपर्यंत उशीर झालेला असतो.

यावर एक आक्षेप नेहमीं घेतला जातो. अमेरिकेंत मांजरांच्या तोंडीं दरवर्षीं शंभर कोटींहून अधिक पांखरें पडतात, कांचेच्या इमारतींवर आपटूनहि कोट्यवधि मरतात. मग पवनचक्क्यांनाच दोष कां द्यावा? आक्षेपांतील हिशेब खरा आहे, पण तो अपुरा आहे. मांजर गरुड मारीत नाहीं. सोनेरी गरुडाची मादी बहुधा दोनच अंडीं घालते, आणि पिलूं वयांत येण्यास सुमारें पांच वर्षें लागतात. चिमणीसारख्या पक्ष्याची तूट एका हंगामांत भरून निघते. गरुडाची तूट भरण्यास वर्षानुवर्षें जातात.

प्रश्न केवळ पक्ष्यांचाहि राहिला नाहीं. २००३ सालीं वेस्ट व्हर्जिनियांतील एका डोंगरमाथ्यावरच्या चक्क्यांखालीं शेकडों वटवाघळें मरून पडलेलीं सांपडलीं. रात्रभर किडे टिपून शेतकऱ्याचें काम हलकें करणारा हा प्राणी वर्षाकाठीं एकदोनच पिलें देतो. त्याच वर्षीं अमेरिकेच्या मत्स्य व वन्यजीव खात्यानें पवनचक्क्यांविषयीं तात्पुरत्या सूचना प्रसिद्ध केल्या. त्या सर्वांस पटल्या नाहींत. तेव्हां २००७ सालीं एक सल्लागार समिति नेमण्यांत आली. तींत सरकारी अधिकारी, वीज कंपन्यांचे प्रतिनिधि, वन्यजीवांचे कैवारी आणि शास्त्रज्ञ असे परस्परांकडे संशयानें पाहणारे लोक एकत्र बसविले. सुमारें दोन वर्षांच्या वाटाघाटींनंतर, मार्च २०१० मध्यें, समितीनें आपल्या शिफारशी सादर केल्या. त्यांवरून तयार झालेल्या मार्गदर्शक सूचना मार्च २०१२ मध्यें प्रसिद्ध झाल्या.

या सूचनांचें मर्म त्यांच्या पांच पायऱ्यांत आहे. पहिल्या पायरीवर कंपनीनें नकाशे व उपलब्ध माहिती घेऊन विस्तीर्ण प्रदेश चाळावयाचा आणि कोणता भाग मुळींच नको, हें ठरवावयाचें. दुसऱ्या पायरीवर एखादी जागा निवडून तिची पाहणी करावयाची : दुर्मिळ जीव आहेत काय, घरटीं कोठें आहेत, स्थलांतराची वाट वरून जाते काय. तिसऱ्या पायरीवर प्रत्यक्ष रानांत राहून निरनिराळ्या ऋतूंत पक्ष्यांची व वटवाघळांची ये-जा मोजावयाची. या तिन्ही पायऱ्या मनोरा उभारण्यापूर्वींच्या आहेत, आणि प्रत्येक पायरीवर “येथें नको” म्हणून परत फिरण्याची मोकळीक आहे. नकाशावरचें टिंब हलवावयास कांहीं खर्च येत नाहीं. रोवलेला मनोरा मात्र हलवितां येत नाहीं.

चौथी पायरी चक्क्या फिरूं लागल्यानंतरची, म्हणजे मेलेल्या जीवांची मोजदाद करण्याची. हें काम वाटतें तितकें सोपें नाहीं. मेलेलें पांखरूं कोल्हे नाहींतर गिधाडें पळवितात. लहानसें वटवाघूळ उंच गवतांत दिसत नाहीं. म्हणून तपासनीस येण्यापूर्वीं ठराविक संख्येनें मृत पक्षी गुपचूप ठेवून देतात. त्यांतील किती त्यास सांपडले आणि किती रानांतील जनावरांनीं नेले, हें पाहून खऱ्या मृत्यूंचा अंदाज बांधतात. पांचवी पायरी सर्वांस लागू नाहीं. जेथें हानि अपेक्षेहून अधिक आढळते, तेथें कारण शोधून उपाय योजण्यासाठीं ती आहे.

उपाय कधीं कधीं फारच साधा निघतो. वटवाघळें मुख्यतः मंद वाऱ्याच्या रात्रीं उडतात, आणि मंद वाऱ्यांत वीजहि थोडीच निघते. पेनसिल्व्हेनियांत २००८ व २००९ सालीं उन्हाळ्याच्या अखेरीपासून कांहीं चक्क्या रात्रीं वारा सेकंदास साडेतीन मीटरांऐवजीं पांच किंवा साडेसहा मीटरांवर गेल्यावरच सुरू केल्या. तेवढ्यानें वटवाघळांचे मृत्यु ४४ ते ९३ टक्क्यांनीं घटले. वर्षाच्या एकूण विजेंतील तोटा मात्र एका टक्क्याहून अधिक नव्हता. आल्टामॉन्टमध्येंहि पुष्कळशा जुन्या लहान चक्क्या काढून त्यांच्या जागीं थोड्या, मोठ्या आणि विचारपूर्वक जागा निवडलेल्या चक्क्या बसविण्यांत आल्या.

पात्याचा आघात हीच एक हानि, असेंहि नव्हे. पुष्कळ जीव चक्क्यांच्या आसपास फिरकणेंच सोडतात. अशा वेळीं मृतदेह सांपडत नाहीं आणि नुकसान सहसा ध्यानांत येत नाहीं. याचा उत्तम दाखला महाराष्ट्रांत मिळाला. सातारा जिल्ह्यांतील चाळकेवाडीच्या पठारावर भारतीय शास्त्रज्ञांनीं केलेला अभ्यास २०१८ सालीं प्रसिद्ध झाला. चक्क्यांच्या भागांत शिकारी पक्षी जवळ जवळ चौपटीनें कमी आढळले. परिणामीं गळ्याखालीं रंगीत झालर असलेले सरडे तेथें फार वाढले, शिकाऱ्याचें भय न उरल्यानें धीट झाले, पण अंगानें रोडावले. आकाशांतला एक दुवा निखळला आणि त्याचे परिणाम जमिनीवर उमटले.

आतां राहिला तो अधिकाराचा प्रश्न. अमेरिकेच्या या सूचना ऐच्छिक आहेत. त्या मोडल्या म्हणून शिक्षा नाहीं. त्यांच्या पाठीशीं उभा होता तो कायदा : १९१८ चा स्थलांतरी पक्ष्यांचा आणि १९४० चा गरुडांचा. सूचना पाळणाऱ्या कंपनीवर खटला भरतांना तिचा प्रामाणिक प्रयत्न ध्यानांत घेऊं, असें खात्यानें सांगितलें. वायोमिंगमध्यें जागेविषयीं आधींच इशारा मिळूनहि एका कंपनीनें चक्क्या उभारल्या. १४ सोनेरी गरुड आणि १४९ इतर पक्षी मेल्यावर २०१३ सालीं तिनें न्यायालयांत गुन्हा कबूल केला व एकंदर १० लाख डॉलर भरले. तथापि हेतु नसतां झालेला पक्ष्यांचा मृत्यु १९१८ च्या कायद्यांत बसतो काय, याविषयीं सरकारचें मत २०१७ सालीं बदललें, २०२१ सालीं पुन्हां बदललें आणि २०२५ सालीं परत उलटलें. गरुडांचा कायदा तेवढा ठाम राहिला. ऐच्छिक नियमास बळ असतें तें त्याच्या मागच्या कायद्याचें. तो डळमळला, कीं नियमाचें पालन करणाराच्या सद्‌बुद्धीवर उरतें.

वाऱ्याची वीज जगास हवी आहे, कारण धुरानें तापणाऱ्या हवेपासून पांखरांचीहि सुटका नाहीं. म्हणून या सूचना चक्क्या उभारूं नका असें सांगत नाहींत; पाया खणण्यापूर्वीं वर पाहा, एवढेंच सांगतात. आल्टामॉन्टच्या खिंडींत माणसानें वारा अचूक हेरला होता. त्याच वाऱ्यावर पूर्वींपासून कोण तरंगत आहे, हें तेवढें त्यानें विचारलें नव्हतें.