ऑटोमॅटिक पिकअपला साधा गिअरबॉक्स बसवावा काय?



वढू बुद्रुकचे एक सभासद मध्यंतरी आमच्या वाहन विभागात आले होते. त्यांनी जुन्यात घेतलेली डिझेल पिकअप ऑटोमॅटिक गिअरची. बेणे, खताची पोती, ठिबकच्या नळ्या आणि पुण्याला मार्केट यार्डात तरकारी, अशी तिची कामे. पावसात ती पाणंदीच्या चिखलात रुतली. ट्रॅक्टरला साखळी लावून बाहेर काढली आणि इंजिन बंद ठेवून तशीच गावापर्यंत ओढत आणली. तेव्हापासून इंजिन नुसते ओरडते, गाडी जागची हलत नाही. गॅरेजवाला म्हणाला, "ऑटोमॅटिकची कटकट काढून टाका, साधा गिअरबॉक्स टाकून देतो." उसाच्या बिलाचे पैसे यात घालावेत काय, हा त्यांचा प्रश्न. अशा गाड्या आता आपल्या भागातही येऊ लागल्या आहेत, म्हणून उत्तर येथे देत आहोत.

आधी ट्रॅक्टरचे. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये तेल खेळवणारा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद आणि मागची चाके जमिनीवर फिरताहेत, म्हणजे आतले भाग तेलावाचून घासतात. चिखलातून चार हात ओढणे वेगळे, गावापर्यंत नेणे वेगळे. अशी गाडी चाके उचलून किंवा दुसऱ्या गाडीवर घालूनच आणावी. शेजाऱ्याने भल्यासाठीच ओढली, त्याला तरी काय ठाऊक?

आता बदलाचे. लोकांना वाटते, एक डबा काढायचा आणि दुसरा लावायचा. ऑटोमॅटिकला क्लच नसतो. इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये तेलाने भरलेला टॉर्क कन्व्हर्टर असतो. एक पंखा तेल फेकतो, त्या जोराने दुसरा फिरतो. तो बसतो पातळ पत्र्याच्या चकतीवर. साध्या गिअरला तेथे जड फ्लायव्हील लागते, त्याचे बोल्टही वेगळे. मग क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, क्रँकच्या टोकाला पायलट बेअरिंग, पायाशी तिसरे पेडल, त्याचा मास्टर सिलिंडर आणि खालचा स्लेव्ह सिलिंडर. गिअरबॉक्सची लांबी जुळली नाही तर प्रॉपेलर शाफ्ट कापून पुन्हा तोलून घ्यावा लागतो. तोल चुकला की गाडी थरथरते आणि क्रॉस खातात. खालचा आडवा बीम सरकवायचा, तेल थंड करणाऱ्या नळ्या बंद करायच्या, रिव्हर्सचा दिवा नव्याने जोडायचा. चारचाकी ओढीची गाडी असेल तर ट्रान्सफर केसही जुळली पाहिजे.

एवढे करूनही हे लोखंडाचेच काम झाले, आणि लोखंडाचे काम आपल्याकडचा मिस्त्री करतो. अमेरिकेत १९८९ साली डॉज पिकअपमध्ये कमिन्सचे ५.९ लिटरचे डिझेल इंजिन आले. (कमिन्स आपल्याला परके नाही, १९६२ साली स्थापन झालेली किर्लोस्कर कमिन्स पुण्याच्या कोथरूडचीच.) त्या गाडीतले ऑटोमॅटिक तीन गिअरचे होते आणि डिझेल पंप साधा यांत्रिक. तसल्या गाड्यांना पुढे अनेकांनी साधे गिअरबॉक्स बसवले, कारण इंजिनाला विचारणारे कोणी नव्हते.

आजच्या गाडीत विचारणारा आहे. इंजिनाचा संगणक गिअरबॉक्सच्या संगणकाशी सारखा बोलत असतो. समोरून उत्तर आले नाही की बऱ्याच गाड्यांत इंजिन जोर आवरून धरते, कधी स्टार्टरच फिरू देत नाही. बरे, तारा जोडून त्याला फसवले, तरी जोराचा हिशेब उरतोच. भारतात २०२२ साली आलेल्या टोयोटा हायलक्सचेच उदाहरण घ्या. इंजिन तेच २.८ लिटरचे, पण साध्या गिअरच्या गाडीत त्याची पीळशक्ती ४२० न्यूटन मीटर ठेवली आहे आणि ऑटोमॅटिकमध्ये ५००. ४२० साठी नेमलेला क्लच ५०० च्या इंजिनाला लावला, तर भरल्या गाडीने चढावर तो किती दिवस टिकणार? म्हणजे संगणकही साध्या गिअरचाच हवा, आणि तो गाडीच्या किल्लीशी जुळवून घ्यायला हवा.

कागदाचेही पाहावे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणीतला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे बजावले आहे. गिअरबॉक्सचा बदल त्यात मोडतो की नाही, हे गॅरेजवाल्याने ठरवायचे नाही. आरटीओला आणि विमा कंपनीला आधी लेखी विचारावे, उत्तर लेखीच घ्यावे. अपघातानंतर तोंडी परवानगीला कोणी विचारत नाही.

आमचे मत असे. यांत्रिक पंपाची जुनी गाडी असेल आणि त्याच मॉडेलची साध्या गिअरची, मोडीत निघालेली पूर्ण गाडी कागदांसह मिळत असेल, तर विचार करावा. संगणकाच्या गाडीला हात लावू नये. तीच दुरुस्त करावी, नाहीतर आहे तशी विकून मुळातच साध्या गिअरची घ्यावी. धक्का मारून सुरू होणारी गाडी आपल्याला बरी वाटते, त्यात चूक काहीच नाही.

वढूच्या सभासदांना आम्ही आधी तेल पाहायला सांगितले. लाल असते ते काळे पडले असेल, करपट वास येत असेल, तर आतले क्लच जळाले. तेल नुसते कमी असेल किंवा एखादी तार तुटली असेल, तर काम थोडक्यात भागते. त्यांच्या गाडीचे तेल काळे निघाले. गिअरबॉक्स उतरवून दुरुस्तीचा लेखी अंदाज त्यांनी मागवला आहे. तोपर्यंत तरकारी भावकीतल्या साध्या गिअरच्या पिकअपने जात आहे.