रांगोळीची वाकलेली ओळ

माझी मावशी वयाच्या ७४व्या वर्षापर्यंत दारात ठिपक्यांची रांगोळी काढायची. एकवीस ते अकरा ठिपके, आणि एकही ओळ इकडची तिकडे नाही. एका वसुबारसेला ती कंबरेवर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, "ठिपके सरळच टाकलेत गं, पण ओळ मधेच पोटात गेल्यासारखी दिसतेय." आम्ही सगळ्यांनी एकच उत्तर दिलं, "मावशी, वय झालं आता." मोतीबिंदूचं ऑपरेशन तीन वर्षांपूर्वीच झालं होतं, त्यामुळे डोळ्यांचा विषय मिटला असं आम्ही धरून चाललो होतो.

पुढच्या दिवाळीत तिला समोर बसलेल्या नातवाचे कान दिसत होते, केस दिसत होते. चेहऱ्याच्या जागी मात्र धुरकट डाग. डोळ्याच्या पडद्याच्या डॉक्टरांनी तपासणी केली आणि विचारलं, "आजी, रेघा वाकड्या दिसायला कधीपासून लागल्या?" मावशी म्हणाली, "मागच्या वसुबारसेपासून." डाव्या डोळ्यात तोवर व्रण धरला होता. ते एक वर्ष आमच्या हातून गेलं. त्यानंतर जे वाचलं, डॉक्टरांना विचारलं, समजून घेतलं, ते इतरांचं वर्ष वाचावं म्हणून इथे मांडते आहे.

तीन बिंदू, तीन गोष्टी

घोटाळा शब्दापासूनच सुरू होतो. मोतीबिंदू म्हणजे डोळ्यातलं भिंग गढूळ होणं; ते काढून नवं बसवता येतं. काचबिंदूत डोळ्याची नस सुकत जाते आणि नजर बहुधा कडेकडून कमी होते. पीतबिंदू हा मात्र आजारच नव्हे. तो प्रत्येकाच्या डोळ्यात असतो. डोळ्याच्या मागच्या पडद्यावर मधोमध, साधारण साडेपाच मिलिमीटर व्यासाची ही पिवळसर जागा. डॉक्टर तिला मॅक्युला म्हणतात. सुईत दोरा ओवणं, पोथी वाचणं, एसटीची पाटी वाचणं, माणूस ओळखणं ही सगळी कामं या एवढ्याशा जागेची. म्हणून ती बिघडली की माणूस घरात भिंतीला न धडकता फिरतो, पण समोर उभ्या असलेल्या मुलीला आवाजावरून ओळखतो.

या जागेतल्या पेशी दिवसभर प्रकाश झेलतात आणि आपला झिजलेला भाग रोज टाकून देतात. तो उचलून नेण्याचं काम त्यांच्या खालच्या थराचं. पन्नाशीनंतर काहींचा हा थर थकतो, कचरा साचतो आणि पडद्याखाली पिवळट ठिपके जमतात. त्यांना ड्रुसेन म्हणतात. बारीकसे दोन-चार ठिपके वयानुसार अनेकांना येतात; ते मोठे आणि पुष्कळ झाले की काळजीचं.

पुढे पीतबिंदूच्या या आजाराच्या दोन वाटा आहेत. 'ड्राय' म्हणजे कोरड्या प्रकारात पेशी वर्षानुवर्षं हळूहळू मरत जातात. दहापैकी साधारण नऊ रुग्ण या वाटेवर असतात. 'वेट' म्हणजे ओल्या प्रकारात पडद्याखाली नको तिथे नाजूक रक्तवाहिन्या उगवतात. त्यांतून पाणी आणि रक्त झिरपतं, पडदा फुगून वर येतो आणि सरळ रेघ वाकडी दिसू लागते. हे रुग्ण संख्येने थोडे, पण त्यांची नजर आठवड्या-महिन्यांत जाऊ शकते. शिवाय कोरड्या प्रकाराचा ओला कधी होईल, हे सांगता येत नाही.

कुणाला गाठतो

पहिलं कारण वय. दुसरं घराणं. २००५ साली संशोधकांना 'कॉम्प्लिमेंट फॅक्टर एच' नावाच्या जनुकातला एक फरक सापडला. हे जनुक शरीराच्या संरक्षण यंत्रणेला लगाम घालतं. तो लगाम सैल असला की पीतबिंदूच्या आजाराचा धोका वाढतो. आईला किंवा वडिलांना हा त्रास असेल, तर मुलांनी पन्नाशीनंतर पडद्याची तपासणी चुकवू नये.

तिसरं कारण आपल्या हातातलं आहे : धूम्रपान. सिगारेट ओढणाऱ्याचा धोका न ओढणाऱ्याच्या किमान दुप्पट असतो. बिडीचा धूरही धूरच आहे. रक्तदाब ताब्यात ठेवणं, चालणं, ताटात पालक, मेथी, लाल माठ, शेवग्याचा पाला, मका असणं, जे खातात त्यांनी मासे खाणं, हे सगळं उपयोगी. पीतबिंदूचा पिवळा रंग ल्युटिन आणि झियाझँथिन या द्रव्यांचा आहे. ती शरीर स्वतः बनवत नाही, अन्नातूनच घेतं.

जगभरात २०२० साली सुमारे १९.६ कोटी लोकांना हा आजार असावा आणि २०४० पर्यंत ही संख्या २८.८ कोटींवर जाईल, असा अंदाज संशोधकांनी २०१४ मध्ये मांडला होता. आपल्याकडेही गावोगाव जाऊन डोळे तपासले गेले आहेत. नागपूरच्या सूरज आय इन्स्टिट्यूटने जर्मन संशोधकांच्या साथीने नागपूरजवळच्या ग्रामीण भागात ३० वर्षांवरच्या ४,७११ जणांची तपासणी केली. पुढच्या टप्प्यातला आजार तिथे फार थोड्यांना आढळला, ही दिलाशाची बाब. पण आयुर्मान वाढतं आहे आणि घराघरांत ऐंशी पार केलेली माणसं आहेत, तेव्हा गाफील राहणं परवडणारं नाही.

कर्करोगाच्या संशोधनातून आलेली सुई

विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत ओल्या प्रकारावर लेझरशिवाय फारसं काही नव्हतं, आणि बिघाड मधोमध असला तर लेझरचा चटका स्वतःच नजरेत डाग ठेवून जाई. वाट उघडली ती कर्करोगाच्या अभ्यासातून. १९७१ मध्ये अमेरिकेचे शल्यविशारद ज्यूडा फोकमन यांनी मांडलं की गाठ वाढते ती नव्या रक्तवाहिन्या स्वतःकडे ओढून घेते म्हणून. त्या रोखल्या तर गाठ रोखता येईल. १९८९ मध्ये नेपोलिओने फेरारा यांनी रक्तवाहिन्या वाढवणारं 'व्हीईजीएफ' हे प्रथिन वेगळं काढलं. त्याला अडवणारं बेव्हासिझुमॅब २००४ साली आतड्याच्या कर्करोगासाठी मंजूर झालं. मायामीचे डॉ. फिलिप रोझेनफेल्ड यांनी २००५ मध्ये त्याचा अगदी थोडा अंश थेट डोळ्यात दिला आणि पडद्याखालचं पाणी ओसरलं. खास डोळ्यासाठी घडवलेलं रॅनिबिझुमॅब २००६ मध्ये आलं. त्याच्या मुख्य चाचणीत वर्षभरात सुमारे ९५ टक्के रुग्णांची नजर टिकली आणि पूर्ण मात्रा मिळालेल्यांपैकी एक तृतीयांश जणांची लक्षणीय सुधारली.

दोन औषधांच्या किमतीत मात्र जमीन-अस्मानाचं अंतर होतं. अमेरिकेत एका मात्रेला बेव्हासिझुमॅबचे सुमारे ५० डॉलर, रॅनिबिझुमॅबचे २,००० डॉलर. २०११ मध्ये सरकारी पैशातून झालेल्या 'कॅट' चाचणीने दाखवलं की नजर राखण्यात दोन्ही बरोबरीची आहेत. भारतात २०१५ मध्ये अहमदाबादच्या इन्टास कंपनीने रॅनिबिझुमॅबची स्वस्त प्रतिकृती आणली. तेव्हा महाग औषध झेपत नसेल, तर उपचार सोडू नयेत; डॉक्टरांना स्वस्त पर्याय मोकळेपणाने विचारावा.

'डोळ्यात इंजेक्शन' हे शब्द ऐकूनच मावशीचे हात गार पडले होते. प्रत्यक्षात आधी थेंबांनी डोळा बधिर करतात, जंतुनाशकाने धुतात, पापण्या उघड्या ठेवणारी तार लावतात आणि बुबुळाच्या कडेपासून साडेतीन-चार मिलिमीटर अंतरावर, पांढऱ्या भागात, केसासारखी बारीक सुई टोचतात. सुई टोचायला काही सेकंद लागतात. जंतुसंसर्गाचा धोका फार क्वचित, पण गंभीर. म्हणून नंतर डोळा दुखला, लाल झाला किंवा नजर घटली तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. सुरुवातीला बहुधा दर महिन्याला एक अशी तीन इंजेक्शनं, मग पडद्याचा ओसीटी स्कॅन पाहून अंतर वाढवत नेतात. खरी अडचण पुढे येते. बरं वाटलं, सोबत यायला कुणी नाही, म्हणून फेरी चुकते आणि पाणी पुन्हा साचतं.

कोरड्या प्रकारासाठी अमेरिकेत २०२३ मध्ये दोन इंजेक्शनं मंजूर झाली. ती झीज मंद करतात, गेलेली नजर परत आणत नाहीत. मध्यम टप्प्यातल्या रुग्णांना ठरावीक मात्रेतली जीवनसत्त्वं आणि जस्त यांच्या गोळ्या उपयोगी पडतात. २००१ च्या मोठ्या अमेरिकन अभ्यासात त्यांनी आजार पुढे सरकण्याचा धोका पाच वर्षांत सुमारे २५ टक्क्यांनी कमी केला. त्यातलं बीटा-कॅरोटीन धूम्रपान करणाऱ्यांच्या फुप्फुसांना घातक, म्हणून २०१३ पासून त्याजागी ल्युटिन आणि झियाझँथिन घालतात. धडधाकट डोळ्यांना आजार होऊ नये म्हणून या गोळ्या घेण्याला आधार नाही. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय घेऊ नयेत.

न बोललं जाणारं

एका संध्याकाळी मावशी हळूच म्हणाली, "अंगणात नऊवारीतल्या बायका उभ्या दिसतात. कुणाला सांगू नकोस." तिला वाटलं, वेड लागतंय. हा वेडाचाही प्रकार नाही आणि बाहेरचाही नाही. १७६० मध्ये जिनिव्हाच्या शार्ल बोने यांनी आपल्या नजर गेलेल्या आजोबांना माणसं, पक्षी, गाड्या, इमारती दिसत असल्याचं लिहून ठेवलं. त्यांचंच नाव या अवस्थेला आहे. डोळ्याकडून येणारा मजकूर आटला की मेंदू रिकामी जागा स्वतःच्या चित्रांनी भरतो. हे समजल्यावर मावशी त्या रात्री शांत झोपली. घरातल्या कुणी असं काही सांगितलं तर देवऋष्याकडे नेऊ नका, डोळ्यांच्या डॉक्टरांना सांगा.

मावशीचा उजवा डोळा आज इंजेक्शनांवर टिकून आहे. भिंग, मोठ्या अक्षरांचा मोबाईल आणि टेबलावरचा प्रखर दिवा यांच्या आधाराने ती पत्रिका वाचते. डाव्या डोळ्याची मधली नजर परत आलेली नाही.

त्या डोळ्यातला बिघाड वेळेत का कळला नाही? दोन्ही डोळे उघडे असताना चांगला डोळा दुसऱ्याची उणीव झाकतो, म्हणून. यासाठीच स्विस नेत्रतज्ज्ञ मार्क आम्स्लर यांनी १० सेंटिमीटरचा, बारीक चौकटींचा तक्ता बनवला. तो डॉक्टरांकडून मागून घ्या. हाताशी नसेल तर भिंतीवरच्या कालनिर्णयाच्या चौकटी, दाराची चौकट, फरशीचे सांधे पाहा.

या दिवाळीत घरातल्या पन्नाशीपुढच्या प्रत्येकाला वाचायचा चष्मा लावून कालनिर्णयापुढे बसवा. एक डोळा तळहाताने झाका, मधल्या तारखेकडे बघायला सांगा. मग दुसरा झाका. रेघ वाकली, चौकोन पुसला गेला किंवा मधे डाग दिसला, तर "वय झालं" म्हणू नका. त्याच आठवड्यात पडद्याच्या डॉक्टरांकडे घेऊन जा.