बलकाचे रंग, तापीचा काठ

सुरतेत संध्याकाळी अंड्याच्या लारीपाशी गेलं की तव्यावर ‘घोटाळा’ रटरटत असतो. उकडलेली अंडी किसून मसाल्यात घोटायची, वर अर्धं कच्चं अंडं, सोबत पाव. पण अंड्यातला हाच पिवळा बलक शेकडो वर्षं चित्रकारांच्याही कामी आला आहे. त्याच्या रंगाला म्हणतात एग टेंपेरा. आणि टेंपेरा चित्रकलेचा एक झळाळता अध्याय घडला तो सुरतेपासून जवळच, तापीच्या काठी. बलकापासून तापीपर्यंतच्या या काही चटपटीत गोष्टी.

अंड्याचं काम काय?

रंगाची पूड नुसत्या पाण्यात कालवून लावली तर वाळल्यावर बोटाला लागते. तिला धरून ठेवायला काहीतरी चिकट हवं. पाण्यात मिसळणाऱ्या अशा चिकट पदार्थात पूड कालवून केलेलं काम म्हणजे टेंपेरा. कुणी डिंक घेतो, कुणी सरस, कुणी दूध, कुणी अंडं. यात बलक उजवा ठरतो, कारण पाणी आणि तेल यांचं लग्न त्याच्यात निसर्गानेच लावून दिलेलं असतं. बलकातलं लेसिथिन दोघांना एकत्र धरतं. म्हणून रंग पाण्याने पातळ करता येतो, पण एकदा पक्का वाळला की पाण्याला दाद देत नाही.

बलक या हातातून त्या हातात

रंग तयार करण्याची पद्धत पाहण्यासारखी आहे. अंडं फोडून पांढरा भाग गाळून टाकायचा. अख्खा बलक तळहातावर घ्यायचा, मग दुसऱ्या तळहातावर घरंगळू द्यायचा. दर वेळी रिकामा झालेला हात फडक्याला पुसायचा. चार-सहा फेऱ्यांत बलकाभोवतीचा ओलेपणा जातो आणि त्याची तलम त्वचा चिमटीत येते. आता चिमटीने तो वाटीवर लटकता धरायचा आणि खालून सुईने टोचायचा. पिवळी धार वाटीत, त्वचा चिमटीत. त्वचा फेकून द्यायची, कारण ती रंगात पडली तर गुठळ्या होतात. वाटीतल्या बलकात साधारण तेवढंच पाणी आणि दोन थेंब व्हिनेगर. एवढ्यात माध्यम तयार.

रंगपूड वेगळी, लादीवर पाण्यात घोटून लोण्यासारखी करायची. ही लगदी आणि बलक जवळपास सारखे घेतले की रंग झाला.

काचेवरची परीक्षा

बलक कमी पडला की जास्त झाला हे कसं कळणार? रंगाचा एक फटकारा काचेच्या तुकड्यावर ओढा, वाळू द्या आणि पात्याने खरवडा. सालपटासारखी सलग पट्टी निघाली तर प्रमाण जमलं. भुगा झाला तर बलक कमी. वाळूनही चिकट, तेलकट चमकत राहिला तर बलक जास्त. प्रत्येक रंगपुडीची तहान वेगळी असते, त्यामुळे ही परीक्षा प्रत्येक रंगासाठी वेगळी घ्यावी लागते.

घाई रंगाला, धीर चित्रकाराला

एग टेंपेरा बघता बघता वाळतो. तैलरंगासारखे दोन रंग फळीवरच एकमेकांत मिसळायला वेळच मिळत नाही. म्हणून गालाची गोलाई दाखवायची तर बारीक रेघांवर रेघा, त्यांवर आडव्या रेघा, अशी हजारो रेघांची वीण घालावी लागते. कुंचला रंगात बुडवून पिळून घ्यायचा. ओला राहिला तर खालचा थर उचलला जातो. रंग वाळतो क्षणात, पण चित्राला लागतात आठवडे.

त्याआधीची तयारीही मोठी. लाकडी फळीवर सरस आणि खडूपुडीचा लेप पाच-सहा वेळा चढवायचा आणि घासून घासून हस्तिदंतासारखा गुळगुळीत करायचा. ताणलेला कॅनव्हास हलला, लवला की टेंपेऱ्याला तडे जाण्याची भीती असते, म्हणून फळी.

न घासलेल्या बशीचा धडा

नाश्त्याच्या बशीवर वाळलेला बलक घासताना दमछाक होते ना? चित्र टिकतं ते त्याच गुणावर. बलकातली प्रथिनं घट्ट बसतात आणि पुढचे काही महिने थर आणखी कडक होत जातो. इटलीतली पाचशे-सहाशे वर्षांपूर्वीची टेंपेरा चित्रं आजही टवटवीत दिसतात. तैलरंग काळाबरोबर पिवळसर पडतो, टेंपेरा पडत नाही. बलकाच्या पिवळेपणामुळे निळा रंग हिरवा होत नाही का? नाही. तो पिवळेपणा उजेडात लवकर उडून जातो.

इटालियन चित्रकार बोत्तिचेल्लीचं समुद्रातून वर येणाऱ्या व्हीनसचं जगप्रसिद्ध चित्र टेंपेऱ्यातलंच. विसाव्या शतकात अमेरिकेच्या अँड्र्यू वायेथने १९४८ मध्ये ‘क्रिस्टिनाज वर्ल्ड’ अंड्याच्या रंगातच रंगवलं. गवताचं पातं न् पातं मोजून घ्यावं असं ते चित्र.

शहरची कोंबडी, गावठी कोंबडी

इ. स. १४००च्या सुमाराला चेन्निनो चेन्निनी या इटालियन चित्रकाराने कारागिरांसाठी एक हस्तपुस्तिका लिहिली. तिच्यात तो सांगतो, तरुण गोरे चेहरे रंगवायला शहरी कोंबडीचं अंडं घ्या, त्याचा बलक फिका असतो. म्हाताऱ्या, सावळ्या चेहऱ्यांना गावठी कोंबडीचा गडद बलक चालतो. आपल्याकडे गावठी अंड्याचा भाव ज्या गडद बलकामुळे वाढतो, त्याचा हिशोब चित्रकारांनी सहाशे वर्षांपूर्वीच मांडला होता!

टेंपेऱ्याच्या बाई अजिंठ्याला

ही पुस्तिका १८९९ मध्ये इंग्रजीत आणली क्रिस्टियाना हेरिंगहॅम यांनी. त्या स्वतः चित्रकार. जुन्या कृतीने अंडी फोडून, रंग घोटून त्यांनी मृतप्राय झालेली ही कला इंग्लंडमध्ये परत उभी केली आणि १९०१ मध्ये टेंपेरा चित्रकारांची संस्था काढली.

आणि मग त्या आल्या थेट आपल्या अजिंठ्याला. १९०९ ते १९११ या काळातल्या हिवाळ्यांत तळ ठोकून त्यांनी भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करवून घेतल्या. मदतीला हैदराबादचे आणि कलकत्त्याचे तरुण चित्रकार होते. कलकत्त्याहून आलेल्यांत चित्रकार अवनींद्रनाथ ठाकुरांचा एक विशीतला शिष्य होता : नंदलाल बोस. या प्रतिकृतींचं पुस्तक १९१५ मध्ये लंडनला निघालं.

अजिंठा फ्रेस्को नव्हे

त्या पुस्तकाच्या नावातही ‘फ्रेस्को’ आहे आणि आपणही सहज तसंच म्हणतो. पण फ्रेस्को ओल्या चुन्यावर रंगवतात. चुना सुकताना रंग स्वतःत मुरवून घेतो. अजिंठ्याची चित्रं सुक्या गिलाव्यावरची आहेत. माती, भाताचं तूस, वनस्पतींचे तंतू यांचा गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ हात आणि त्यावर चिकट माध्यमात कालवलेले रंग. म्हणजे टेंपेरा. गेरू आणि पिवळी माती जमिनीतली, काळा रंग काजळीचा, हिरवा सह्याद्रीच्याच काळ्या खडकात सापडणाऱ्या हिरव्या मातीचा. निळा तेवढा परदेशी : अफगाणिस्तानातला लाजवर्द. गंमत म्हणजे इटलीतले टेंपेरा चित्रकारही माणसाच्या कातडीच्या रंगाखाली आधी हिरव्या मातीचाच हात मारत असत.

पाणी कुठे जातं पाहा

अजिंठ्याच्या लेण्यांखालून वाहते वाघूर. ती खानदेशात उतरून तापीला मिळते, आणि तापी सुरतेला वळसा घालून समुद्राला. नंदलाल बोसही याच खोऱ्यातून खाली आले. डिसेंबर १९३६ मध्ये जळगाव जिल्ह्यातल्या फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलंच. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. सजावट नंदलालांकडे, आणि गांधीजींचा आग्रह असा की खेड्यात मिळेल त्याच सामानात काम व्हावं. नंदलालांनी बांबू आणि गवतातून नगर सजवलं.

हरिपुरा, जिल्हा सुरत

चौदा महिन्यांनी, फेब्रुवारी १९३८ मध्ये, त्याच खोऱ्यात आणखी खाली बारडोलीजवळ तापीकाठच्या हरिपुऱ्याला ५१वं अधिवेशन भरलं. अध्यक्ष सुभाषचंद्र बोस. ५१ बैल जोडलेल्या रथातून त्यांची मिरवणूक निघाली. नगराला विठ्ठलभाई पटेलांच्या स्मरणार्थ विठ्ठलनगर हे नाव दिलं होतं.

गांधीजींनी पुन्हा नंदलालांना बोलावलं. या वेळी त्यांनी चित्रं मांडली, तीही टेंपेऱ्यात. हातकागद पुठ्ठ्यावर ताणून चिकटवलेला, मातीचे रंग, काळ्या रेषेचे जाड सपकारे. शांतिनिकेतनच्या कलाभवनातल्या त्यांच्या विद्यार्थ्यांनी हात लावला आणि सगळी मिळून चारशेच्या घरात चित्रं झाली. त्यांतली ऐंशीहून अधिक एकट्या नंदलालांची.

विषय कोणते? देव नाहीत, राजे नाहीत, पुढारीही नाहीत. ढोल वाजवणारा, नांगर धरणारा, शिंपी, सुतार, कुस्तीगीर, वीणा छेडणारा, कांडण करणारी बाई, मूल कडेवर घेतलेली आई. प्रत्येकाच्या डोक्यावर महिरप. देवळात जी कमान देवाला मिळते ती इथे ढोलवाल्याला मिळाली. आणि ही चित्रं कुठल्या दालनात कोंडली नाहीत. ती लागली वेशीवर, मंडपांवर, येणाऱ्या-जाणाऱ्या शेतकऱ्याला दिसतील अशी. चटकन वाळणारा, स्वस्त, मातीतून निघणारा टेंपेरा नसता तर एवढ्या थोड्या वेळात एवढं काम उभंच राहिलं नसतं.

हरिपुरा ते व्हेनिस

अधिवेशन संपलं तरी चित्रं टिकली. त्यांतली नंदलालांची बरीचशी आज दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात, जयपूर हाउसमध्ये आहेत. २०१९ मध्ये गांधीजींच्या दीडशेव्या जयंतीनिमित्त व्हेनिसच्या बिएनाले या कलाप्रदर्शनात भारताचं दालन सजलं तेव्हा हरिपुऱ्याचे ढोलवाले आणि शिंपी तिथेही गेले. नंदलालांचं काम कायद्याने राष्ट्रीय कलाठेवा ठरवलेलं आहे. ते विकायला देशाबाहेर नेता येत नाही. पुढे भारतीय संविधानाची पानं सजवली तीही त्यांनीच, शिष्य-सहकाऱ्यांना घेऊन. त्या चमूत मराठी चित्रकार विनायक मासोजीही होते.

सुरतेच्या उत्तरेला बडोद्यातही नंदलालांचा हात पाहायला मिळतो. सयाजीराव गायकवाडांनी बांधलेल्या कीर्तिमंदिराच्या चार भिंतींवर त्यांनी १९३९ ते १९४६ या काळात गंगावतरण, मीरेचं जीवन, ‘नटीर पूजा’ हे नाटक आणि महाभारतातलं युद्ध रंगवलं.

अंडं चालत नसेल तर?

अडत नाही. गुजरातच्याच छोटा उदेपूर भागातले राठवा आदिवासी घराच्या भिंतीवर पिठोरा चित्रं रंगवतात, तेव्हा रंगात दूध आणि मोहाची दारू कालवतात. चित्रकार जामिनी रॉय चिंचोक्याची खळ वापरत. हीच चिंचोक्याची पूड कापडाच्या छपाईत रंग दाट करायलाही लागते. लघुचित्रं रंगवणारे बाभळीच्या डिंकावर भिस्त ठेवत. स्वयंपाकघर आणि शेत, टेंपेऱ्याचं सामान इथलंच.

सुरतेच्या हवेत हे सांभाळा

उकाड्यात बलक लगेच वास मारतो, तेव्हा रोज ताजं अंडं फोडा आणि उरलेलं टाकून द्या. दमट पावसाळ्यात नव्या चित्रावर बुरशी धरू शकते. ते काचेत बंद करण्याची घाई नको, वारा लागू द्या. पूड घोटताना नाकाला फडकं बांधा. सुरुवात गेरू, पिवळी माती, खडू आणि काजळी यांवर करा. हरताळ आणि हिंगूळ यांच्या वाटेला जाऊ नका, एकात आर्सेनिक आहे, दुसऱ्यात पारा. आणि रंगाची वाटी पुन्हा स्वयंपाकात आणू नका.

आता तुमची पाळी

टेंपेरा म्हणजे परदेशी संग्रहालयातली अवघड कला, असं मानून आपण ती लांब ठेवली. खरं तर अजिंठ्यापासून हरिपुऱ्यापर्यंत अख्खं तापीचं खोरं तिने रंगवलेलं आहे. लिंबायत-उधन्यात राहणाऱ्या आपल्या खानदेशी मंडळींच्या तर गावची नदीही तीच आणि आताच्या शहराचीही तीच. जळगाव-उधना गाडीने जाता-येता बारडोली लागतं. एखाद्या सुट्टीत तिथे उतरा आणि मुलांना हरिपुरा दाखवा. पावसाळ्यात जाऊ नका, उकाई धरणातून पाणी सोडलं की तिथला कॉजवे बुडतो. आणि घरी आल्यावर एक अंडं, चमचाभर गेरू आणि एक कुंचला त्यांच्या हाती द्या. खर्च एका घोटाळ्यापेक्षाही कमी येईल.