रानात गेले की बरे का वाटते?

"डॉक्टर, रानात गेलं की बरं वाटतं. तिथं प्राणवायू जास्त असतो म्हणून ना?" हा प्रश्न मला वर्षातून निदान पंधरा-वीस वेळा विचारला जातो. पावसाळा सरत आला, कासच्या पठारावर फुले आली आणि यवतेश्वरच्या घाटात गाड्यांची रांग लागली, की तर हमखास. प्रश्नाचा पहिला भाग अगदी खरा आहे. दुसरा मात्र खरा नाही, आणि तो का खरा नाही हे कळले तर रानात जाऊन नेमके काय करावे हेही कळते.

हवेत प्राणवायू सुमारे २१ टक्के असतो. साताऱ्याच्या मोती चौकात तेवढाच आणि कोयनेच्या जंगलातही तेवढाच. झाडे प्राणवायू सोडतात हे शाळेत शिकलो ते बरोबर आहे. पण वातावरणातला साठा एवढा प्रचंड आणि वारा तो एवढा ढवळत असतो, की एखाद्या जंगलामुळे तिथले प्रमाण जाणवण्याइतके वाढत नाही. उलट एक गंमत पाहा. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३५० मीटर उंच आहे. तिथे हवा विरळ, म्हणून प्रत्येक श्वासाबरोबर मिळणारा प्राणवायू मुंबईपेक्षा जवळजवळ १५ टक्क्यांनी कमी! तरीही मुंबईकर तिथे गाडीतून उतरला, की छाती भरून श्वास घेतो आणि "काय हवा आहे!" म्हणतो. धूर आणि धूळ कमी, गारवा जास्त, हे त्याला जाणवते ते खरेच. बाकीचे श्रेय दुसऱ्याच गोष्टींचे आहे.

'हवापालट' हा शब्द आपल्या जिल्ह्याला नवा नाही. १८२८-२९ च्या सुमारास गव्हर्नर माल्कम यांनी महाबळेश्वर वसवले, ते आजारी इंग्रजांना प्रकृती सुधारण्यासाठी. पुढे पाचगणीत डॉ. बिलिमोरिया यांनी क्षयरोग्यांसाठी बेल-एअर हे आरोग्यधाम काढले. त्या काळी क्षयावर औषधच नव्हते. विश्रांती, स्वच्छ हवा आणि सकस अन्न एवढेच वैद्याच्या हाती होते. स्ट्रेप्टोमायसिन सापडले ते १९४० च्या दशकात. आज साध्या क्षयाचा उपचार सहा महिन्यांच्या गोळ्यांचा आहे आणि तो सरकारी दवाखान्यात मोफत मिळतो. तरीही दोन महिन्यांत अंगावर जरा मांस चढले, की गोळ्या बंद करून "आता गावाकडच्या हवेला जातो" म्हणणारा रुग्ण अजून भेटतो. त्याला मी स्पष्ट सांगतो, हवेला जरूर जा, पण गोळ्या पिशवीत घेऊन जा. क्षयाचे जंतू रानातल्या वाऱ्याने मरत नाहीत, आणि अर्धवट सोडलेल्या औषधाने ते अधिक चिवट होतात.

मग रानात बरे का वाटते? बँकेतला कारकून घ्या, एस.टी.चा चालक घ्या किंवा साठ मुलांचा वर्ग सांभाळणाऱ्या बाई घ्या. दिवसभर या मंडळींना लक्ष एका जागी धरून ठेवावे लागते. नको ते आवाज, नको ते विचार बाजूला सारावे लागतात. त्याला जोर लागतो आणि दंडाच्या स्नायूसारखाच हा जोरही थकतो. थकला की माणूस चिडतो, आकडेमोडीत चुकतो, घरी आल्यावर पोरांवर ओरडतो. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठातील रेचल व स्टीफन कॅप्लन या दांपत्याने १९८९ च्या आपल्या ग्रंथात हा विचार सविस्तर मांडला. त्यांचे म्हणणे असे की रानात लक्ष द्यावे लागत नाही, ते आपोआप जाते. पानांची सळसळ, ओढ्याचे पाणी, एखादा कोतवाल पक्षी. यातले काहीच आपल्याकडे काही मागत नाही. तेवढ्या वेळात ताणून धरलेले लक्ष सैल पडते आणि पुन्हा ताजे होते.

त्याच विद्यापीठातील संशोधकांनी २००८ साली याची परीक्षा घेतली. विद्यार्थ्यांना आकड्यांची यादी ऐकवायची आणि ती उलट्या क्रमाने म्हणायला लावायची. मग तासाभराची पायपीट, कधी वृक्षोद्यानातून, कधी गावातल्या रहदारीच्या रस्त्याने. परत आल्यावर पुन्हा तीच परीक्षा. झाडांतून चालून आल्यावर गुण सुधारले, रस्त्याने चालून आल्यावर तसे सुधारले नाहीत. मला यातली सर्वांत महत्त्वाची वाटते ती पुढची गोष्ट. काही विद्यार्थी जानेवारीच्या कडाक्याच्या थंडीत चालले. त्यांना ते चालणे फारसे आवडले नाही. फायदा मात्र झालाच. म्हणजे रान आवडलेच पाहिजे अशीही अट नाही.

दुसरी गोष्ट मनातल्या जात्याची. झालेला अपमान, बुडालेले पैसे, लेकीचे न जमणारे लग्न. एकच दाणा पुन:पुन्हा दळत बसण्याची सवय आपल्यापैकी अनेकांना असते. झोप न लागण्याच्या तक्रारी घेऊन येणाऱ्यांत मला हे जाते फार वेळा ऐकू येते. स्टॅनफर्ड विद्यापीठातील २०१५ च्या एका अभ्यासात ३८ जणांपैकी काहींना दीड तास झाडा-गवतातून आणि काहींना वाहत्या रस्त्याच्या कडेने चालवले. पहिल्या गटाचे हे दळण कमी झाले आणि मेंदूच्या त्याच्याशी संबंधित भागातली हालचालही मंदावलेली दिसली.

शरीराचे म्हणाल तर जपानने या बाबतीत बरेच काम केले आहे. १९८२ साली तिथल्या वनखात्याने 'शिनरिन-योकू' म्हणजे वनस्नान ही कल्पना लोकांपुढे ठेवली. यात अंघोळ नाही, फक्त झाडांत सावकाश फिरायचे आणि बसायचे. पुढे २४ जंगलांत सुमारे २८० तरुणांची तपासणी झाली. शहरात असतानापेक्षा जंगलात नाडी थोडी मंद, रक्तदाब थोडा कमी आणि लाळेतले कॉर्टिसोल हे ताणाचे द्रव्यही कमी आढळले. यातला 'थोडा' हा शब्द रक्तदाबाच्या रुग्णांनी लक्षात ठेवावा. फरक दोन-तीन अंशांचा आहे आणि तोही निरोगी तरुणांमधला. त्यावर विसंबून गोळी बंद करू नये. झाडांच्या गंधद्रव्यांमुळे रोगप्रतिकारक पेशी वाढतात असेही काही जपानी डॉक्टर सांगतात. पण ते प्रयोग मोजक्या माणसांवरचे आहेत. त्याच्या जोरावर कोणी कर्करोगावर 'वनोपचार' विकू लागला, तर त्याच्यापासून चार हात लांब राहावे.

हे झाले शास्त्राचे. लोकांना विचारा, ते असले काही सांगत नाहीत. रोज पहाटे अजिंक्यतारा चढणारे सांगतात की सोबत मिळते आणि वर पोचल्यावर गप्पा होतात. तरुण मुले दम अजमावायला जातात. कार्तिकात आवळीभोजनाला जाणाऱ्या एका काकूंनी मला सांगितले, "वर्षातून तो एक दिवस मी रांधलेलं घरच्या भिंतींबाहेर बसून खाते." हे कारण मला कोणत्याही प्रयोगाइतकेच वजनदार वाटते. रान म्हणजे घरातल्या, कचेरीतल्या हाकांपासून सुटका. म्हणूनच जिला रोज डोक्यावरून मोळी आणावी लागते, तिला 'रानात फिरा' असे सांगायचा मला धीर होत नाही. झाडे तीच असतात, पण ती तिथे कामाला जाते. तिला विसावा हवा असतो तो ओझे उतरवून सावलीत बसण्याचा.

आणि म्हणूनच काही मंडळींचे वनविहार मला समजत नाहीत. गाडीची चारही दारे उघडी, आत मोठ्याने गाणी, हातात बाटली आणि तासभर मोबाइलवर फोटो. अहो, हा तर बाजारच बरोबर आणला! ज्या लक्षाला सुटी द्यायची, तेच पुन्हा कामाला लावले. पाखरांनाही त्रास, तो वेगळा.

किती वेळ जावे? इंग्लंडमधील सुमारे वीस हजार लोकांच्या २०१९ च्या पाहणीत, आठवड्यातून एकूण १२० मिनिटे किंवा अधिक वेळ निसर्गात घालवणाऱ्यांनी आपली प्रकृती चांगली असल्याचे अधिक प्रमाणात सांगितले. तो वेळ एकदम असो वा तुकड्या-तुकड्यांनी. अर्थात मुळात धडधाकट असणारेच जास्त बाहेर पडतात, हेही यात असणारच. गाडी काढून कोयनेलाच जायला हवे असे नाही. अमेरिकेत रॉजर उलरिक यांनी १९८४ साली पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेच्या रुग्णांच्या नोंदी तपासल्या. खिडकीतून झाडे दिसणारे २३ रुग्ण, विटांची भिंत दिसणाऱ्या २३ रुग्णांपेक्षा सरासरी पाऊण दिवस आधी घरी गेले आणि त्यांना वेदनेची तीव्र औषधेही कमी लागली. गावाजवळची देवराई, ओढ्याकाठची आमराई, शाळेमागची टेकडीही पुरते.

निघण्यापूर्वी काही सूचना. चढताना छातीत दाटून येत असेल, डाव्या हातात कळ जात असेल, तर आधी तपासणी करा, गड नंतर. मधुमेहाचे औषध घेणाऱ्यांनी खिशात साखर किंवा गूळ ठेवावा आणि उपाशीपोटी चढू नये. गडांवर आग्या मोहोळे असतात. तिथे धूर करू नका, अत्तर लावून जाऊ नका. गवतात बसायचे तर सतरंजी अंथरा, पूर्ण बाह्यांचे कपडे घाला आणि घरी आल्यावर अंग घासून धुवा. गवतातल्या बारीक किड्यांमुळे स्क्रब टायफसचा ताप येतो, तर गोचिडांमुळे होणाऱ्या माकडतापाचे रुग्ण २०१६ मध्ये सिंधुदुर्गात आढळले होते. रानातून आल्यावर दोन-तीन आठवड्यांत ताप आला, तर डॉक्टरांना "रानात गेलो होतो" हे आवर्जून सांगा. अंगावर कुठे काळी खपली धरली असेल तर तीही दाखवा. स्क्रब टायफस वेळेत ओळखला तर स्वस्त गोळ्यांनी बरा होतो.

साप चावला तर दोरी आवळू नका, जखम कापू नका, चोखू नका. अंगठी, जोडवी काढून ठेवा, चावलेला हात-पाय हलवू न देता रुग्णाला झोपवून सरळ प्रतिविष असलेल्या सरकारी रुग्णालयात न्या. साप मारून बरोबर आणण्यात वेळ घालवू नये. चावल्याची वेळ मात्र घड्याळात पाहून ठेवा, डॉक्टर ती विचारतात.