शिबिरातील अग्नी : स्टोव्ह आणि इंधनाची निवड

२७ मे १९५२ ची रात्र. एव्हरेस्टच्या आग्नेय धारेवर, सुमारे ८,४०० मीटर उंचीवर, रेमंड लँबेर आणि तेनसिंग नोर्गे एका लहानशा तंबूत बसून होते. त्यांच्याजवळ झोपण्याच्या पिशव्या नव्हत्या आणि स्टोव्हही नव्हता. तहान भागविण्यासाठी मेणबत्तीच्या ज्योतीवर थोडेथोडे बर्फ वितळवून ते घोटभर पाणी मिळवीत होते. दुसऱ्या दिवशी शिखर काही शे फुटांवर असताना त्यांना परत फिरावे लागले. पुढच्या वर्षीच्या ब्रिटिश मोहिमेतील शरीरक्रियाशास्त्रज्ञ डॉ. ग्रिफिथ प्यू यांनी उंचीवरील शरीराला भरपूर पाणी मिळालेच पाहिजे, हा आग्रह धरला. साहजिकच बर्फ वितळविणाऱ्या स्टोव्हला आणि त्याच्या इंधनाला प्राणवायूच्या नळकांड्यांइतकेच महत्त्व आले. २९ मे १९५३ च्या सकाळी हिलरी यांनी आपले गोठलेले बूट स्टोव्हवरच ऊब देऊन मऊ केले आणि मग शिखराकडे प्रयाण केले.

कुक्षीपासून एव्हरेस्ट फार दूर आहे. परंतु नर्मदाकाठचा मुक्काम, मांडवची पावसाळी सहल, बाघच्या लेण्यांची एकदिवसीय फेरी, डोंगरपाड्यांतील आरोग्य शिबिर किंवा मुलांबरोबरचा हिमालयातील ट्रेक, या प्रत्येक प्रसंगी सामानाची यादी करताना तोच प्रश्न उभा राहतो. शेगडी कोणती घ्यावी आणि तिला इंधन कोणते? हा प्रश्न आपण बहुधा शेवटच्या क्षणी सोडवितो. भाजल्याचे रुग्ण रोज पाहणाऱ्या वैद्यकीय व्यावसायिकांनी तरी तो अधिक गांभीर्याने घ्यावा, असे वाटते.

तीन दगडांची चूल

आपल्या भागातील सर्वांत जुना शिबिरार्थी म्हणजे परिक्रमावासी. त्याला सदावर्तातून पीठ, डाळ, तांदूळ असा कोरडा शिधा मिळतो आणि स्वयंपाक त्याचा त्यालाच करावा लागतो. तीन दगड, काटक्या आणि गोवऱ्या हीच त्याची शेगडी. मक्याच्या पिठाचे पानिये पानांत गुंडाळून गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर भाजावेत आणि डाळीबरोबर खावेत, हे सुख कोणताही स्टोव्ह देऊ शकणार नाही, हे कुक्षीकरांना सांगावयास नको.

तथापि काळ बदलला आहे. २०१९ मध्ये सरदार सरोवर पूर्ण भरले, निसरपूर पाण्याखाली गेले आणि नर्मदेचा जुना काठच नाहीसा झाला. राखीव वनात विस्तव करणे १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाने निषिद्ध आहे. मोहफुलांच्या दिवसांत, फाल्गुन-चैत्रात, वाळलेल्या पाचोळ्यावर पडलेली एक ठिणगीही पुरेशी असते. शिवाय उघड्या चुलीतील बहुतांश उष्णता वाऱ्यावर जाते. एक लिटर पाणी उकळण्यास तेथे दीड-दोनशे ग्रॅम सुके लाकूड लागते. पानियांसाठी शेतात, मालकाच्या संमतीने चूल मांडावी. जंगलात मात्र स्टोव्हच न्यावा.

रॉकेल

१८९२ च्या सुमारास स्टॉकहोमच्या फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट यांनी काजळी न धरणारा, पंपाचा स्टोव्ह सिद्ध केला आणि 'प्रायमस' हे नाव जगभर पसरले. अ‍ॅमंडसेन त्याच्या सोबतीने दक्षिण ध्रुवावर पोहोचले. आपल्या मागील पिढीतील डॉक्टरांनी काचेच्या सिरिंजा आणि सुया याच जातीच्या स्टोव्हवर उकळल्या.

रॉकेल, म्हणजे आपल्याकडचे घासलेट, भरपूर उष्णता देते, थंडीत दगा देत नाही आणि पेट्रोलसारखे चटकन पेटही घेत नाही. पण बर्नर आधी तापवावा लागतो, पिन मारावी लागते, वॉशर सुकले तर पंप धरत नाही. खरा धोका भेसळीचा. रॉकेलमध्ये पेट्रोल मिसळले गेले असेल तर दाबाचा स्टोव्ह भडकू शकतो. जळत्या स्टोव्हमध्ये इंधन ओतणे हे तर भाजण्याच्या अपघातांचे जुने आणि परिचित कारण आहे. आता रेशनचे रॉकेलही पूर्वीसारखे सहज मिळत नाही. ज्याला हा स्टोव्ह हाताळण्याचा सराव आहे, त्यानेच तो न्यावा.

स्पिरिट

स्पिरिटची शेगडी सर्वांत हलकी. तिच्यात बिघडण्यासारखा एकही भाग नाही. एकट्या पदयात्रीच्या चहाला ती पुरते. परंतु स्पिरिटमध्ये रॉकेलच्या मानाने उष्णता कमी. एक लिटर पाण्यास सुमारे २५ ग्रॅम लागते. त्याची फिकट निळी ज्योत उन्हात दिसतच नाही. शेगडी विझली असे समजून माणूस बाटलीतून पुन्हा ओततो आणि ज्योत धारेवरून बाटलीत शिरते. औद्योगिक स्पिरिटमध्ये मेथॅनॉल असू शकते आणि त्याचे डोळ्यांवरील परिणाम आपण जाणतोच. शेगडी पूर्ण थंड झाल्याशिवाय भरू नये, हा एकच नियम पाळला तरी बरेच अनर्थ टळतील.

गॅस

आज बहुतेकांची निवड गॅसवर येते आणि ती योग्यच आहे. एक लिटर पाणी उकळण्यास, निम्मी उष्णता वाया गेली असे धरूनही, सुमारे १५ ग्रॅम गॅस पुरतो. म्हणजे २३० ग्रॅमच्या एका डब्यात पंधरा लिटर पाणी उकळेल. चौघांच्या एका रात्रीच्या मुक्कामाला तो पुष्कळ झाला. चाळीस-पन्नास जणांच्या आरोग्य शिबिराला पाच किलोचे अधिकृत सिलिंडर सोयीचे.

थंडीचा हिशेब मात्र वेगळा. ब्युटेन शून्य अंशाच्या जरा खालीच द्रवरूपात थिजून बसतो, त्याची वाफ होत नाही. प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत वाफ देतो. निमाडच्या हिवाळ्यात हा फरक जाणवत नाही. हिमालयात जाताना मात्र प्रोपेन किंवा आयसोब्युटेन मिसळलेला डबाच घ्यावा. तेथे ४,००० मीटरवर पाणी सुमारे ८७ अंशांलाच उकळते, डाळ शिजत नाही. लहान प्रेशर कुकर नेला तर इंधन निश्चितच वाचते.

रस्त्याकडेच्या दुकानात घरगुती सिलिंडरमधून भरून दिलेली छोटी टाकी कदापि घेऊ नये. वाफेसाठी मोकळी जागा न ठेवता काठोकाठ भरलेली टाकी उन्हात ठेवलेल्या गाडीत प्राणघातक ठरू शकते. गळणारा गॅस हवेपेक्षा जड असतो. तो तंबूच्या तळाशी, अंथरुणांजवळ साचतो.

प्रवासात इंधन नको

२६ ऑगस्ट २०२३ रोजी मदुराई येथे यात्रेकरूंच्या खास डब्याला आग लागून नऊ जण मृत्युमुखी पडले. लखनौहून निघालेल्या त्या डब्यात नियम मोडून गॅसचे सिलिंडर आणले होते आणि पहाटे त्यावर चहा करण्याचे चालले होते. १९८९ च्या रेल्वे अधिनियमानुसार असा ज्वालाग्राही माल नेणे हा गुन्हा आहे; विमानात तर तो नेताच येत नाही. म्हणून यात्रेला किंवा ट्रेकला निघताना शेगडी घरून न्यावी आणि इंधन मुक्कामी विकत घ्यावे. यावरून निवडीचे सूत्रही मिळते. जेथे जावयाचे आहे तेथे जे इंधन खात्रीने मिळते, त्यावर चालणारा स्टोव्ह तोच चांगला.

वैद्यकीय दक्षता

बंद तंबूत कोणताही स्टोव्ह पेटवू नये. शेकण्यासाठी कोळशाची शेगडीही आत ठेवून झोपू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही आणि हिमोग्लोबिनशी त्याची जवळीक प्राणवायूच्या दोनशे पटींहून अधिक आहे. डोकेदुखी, मळमळ, गुंगी ही लक्षणे उंचीच्या त्रासाची किंवा अपचनाची वाटू शकतात. बोटाला लावलेला पल्स ऑक्सिमीटर येथे फसवा दिलासा देतो, कारण त्याला कार्बन मोनॉक्साइडने व्यापलेले हिमोग्लोबिनही प्राणवायूयुक्तच भासते. एकाच तंबूतील अनेकांचे डोके एकाच वेळी दुखू लागले, तर यंत्रावर विसंबू नये. सर्वांना त्वरित मोकळ्या हवेत आणावे आणि शक्य तितक्या लवकर शुद्ध प्राणवायू सुरू करावा.

रॉकेल किंवा स्पिरिट पिण्याच्या पाण्याच्या बाटलीत कधीही भरू नये. मूल रॉकेल प्यायले तर त्यास उलटी करवू नये. ते फुप्फुसात शिरून न्यूमोनिया होण्याचे भय असते. भाजलेल्या भागावर वीस मिनिटे साधे वाहते पाणी सोडावे. टूथपेस्ट, शाई किंवा हळद लावून येणारे रुग्ण आजही दिसतात. ही एक गोष्ट आपण शिबिरात येणाऱ्या प्रत्येक कुटुंबास सांगितली, तरी शिबिराचे सार्थक होईल.

शेवटी एक साधी सूचना. शस्त्रक्रियेत भूल देण्याची जबाबदारी एकाचीच असते. तो दुसरे काम करीत नाही. प्रत्येक सहलीत आणि शिबिरात स्टोव्हची जबाबदारीही अशीच एका जाणत्या व्यक्तीकडे सोपवावी. पेटविणे, इंधन भरणे, विझविणे आणि निघताना कॉक बंद असल्याची खात्री करणे ही कामे तिनेच करावीत. इतरांनी चहा घ्यावा.