खणांचे घर आणि खाचांचा सांगाडा

नांदेडहून लातूरच्या वाटेने निघून गोदावरी ओलांडली की विष्णुपुरी लागते. नदीवरचा बंधारा आणि शंकरसागर जलाशय यांमुळे हे गाव पाटबंधारे खात्याच्या दप्तरात जसे ठळकपणे नोंदले गेले, तसेच १९८१ साली येथे श्री गुरु गोविंदसिंगजी यांच्या नावाची अभियांत्रिकी संस्था निघाल्यामुळे आणि १९९४ साली स्थापन झालेले स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठही याच परिसरात वसल्यामुळे ते विद्येच्या नकाशावरही आले. लोहा, कंधार, अहमदपूर, उदगीर अशा तालुक्यांतून अभियांत्रिकी शिकावयास येणाऱ्या मुलाला जे इंग्रजी शब्द नव्याने भेटतात त्यांत ‘मॉड्यूल’ हा एक असतो. एक माप ठरवावे आणि त्याच्याच पटीत सारी रचना वाढवीत न्यावी, एवढाच त्याचा आशय. त्या मुलाच्या आजोबांना मात्र हा आशय मुळीच परका नव्हता. कारण घर केवढे आहे असे त्यांना कोणी पुसले असते, तर फूट आणि इंच न सांगता ‘पाच खणांचे’ एवढेच उत्तर देऊन ते मोकळे झाले असते.

माळवदाच्या घरात दोन तुळयांमधले अंतर म्हणजे एक खण. हे अंतर सुताराच्या लहरीवर अवलंबून नसे; वरच्या मातीचा भार घेऊन लाकूड किती अंतरापर्यंत न वाकता टिकेल, याचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव त्यात मुरलेला असे. घर वाढवावयाचे झाले की खण वाढवावा, वाटण्या झाल्या की खणांची वाटणी व्हावी, अशी ती सोयीची व्यवस्था होती. तिचा दुसरा गुण फार मोठी किंमत मोजून ध्यानात आला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला आणि मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींनी व माळवदाच्या ओझ्याने हजारो माणसांचा बळी घेतला. पण जेथे छताचा भार लाकडी खांबांनी स्वतंत्रपणे पेलला होता, अशा काही घरांत भिंती ढासळूनही सांगाडा जागच्या जागी राहिलेला पाहणाऱ्यांना आढळला. भार वाहण्याचे काम सांगाड्याचे आणि आडोसा करण्याचे काम भिंतीचे, हा भेद तेथे स्पष्ट झाला. आज कारखान्यांत आणि कर्मशाळांत सर्रास दिसणारा खाचांच्या ॲल्युमिनियम प्रोफाइलचा सांगाडा याच दोन तत्त्वांवर, म्हणजे ठरीव मापावर आणि भार व आवरण यांच्या फारकतीवर, उभा आहे.

ही वस्तू पाहावयास साधी आहे. चाळीस मिलिमीटर रुंद व तितकीच जाड अशी एक लांबलचक चौकोनी कांब घ्यावी. तिच्या चारही अंगांवर या टोकापासून त्या टोकापर्यंत एकेक खाच धावत असते. खाचेचे तोंड अरुंद आणि पोट रुंद असते, म्हणून आडवा छेद घेतला असता तिचा आकार इंग्रजी ‘टी’ अक्षरासारखा दिसतो. रुंद पोटात टी-नट सरकवावयाचा, अरुंद तोंडातून बोल्ट आत घालावयाचा आणि ॲलन की फिरवावयाची, म्हणजे नट वर ओढला जाऊन खाचेच्या ओठांना आतून घट्ट बिलगतो. कोठेही भोक पाडावे लागत नाही. भोक एकदा पाडले म्हणजे त्याची जागा कायमची ठरते. खाचेत मात्र जोड दोन बोटे इकडे हवा की तिकडे, याचा निर्णय काम चालू असतानाही फिरवता येतो. मध्यभागी जे लांब छिद्र असते तेही हिशेबाने ठेवलेले असते. अनेक कंपन्यांच्या चाळिशी मापाच्या कांबेत ते बरोबर एवढे असते की, आठ मिलिमीटरच्या बोल्टाचे आटे त्यात सरळ पाडता यावेत.

असा नाजूक छेद असलेली कांब घडते कशी? दिवाळीत सोऱ्यातून शेव पाडताना जे घडते तेच येथे घडते, फक्त प्रमाण राक्षसी असते. किंचित मॅग्नेशियम आणि सिलिकॉन मिसळलेल्या ॲल्युमिनियमचा जाड ओंडका, ज्याला बिलेट म्हणतात तो, साडेचारशे ते पाचशे अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात. या उष्णतेला तो वितळत नाही, परंतु मळलेल्या पिठासारखा वश होतो. मग शेकडो किंवा हजारो टन दाबाच्या प्रेसमध्ये तो पोलादी डायमधून रेटला जातो. परंतु सोऱ्याची उपमा येथे थोडी अपुरी पडते, कारण पोकळ कांब काढावयाची तर डायच्या मध्ये एक गाभा अधांतरी धरून ठेवणे भाग असते. त्या गाभ्याला धरणाऱ्या आडव्या पुलांपाशी धातूचा प्रवाह दुभंगतो आणि पुढे गेल्यावर प्रचंड दाबाखाली पुन्हा एकजीव होतो. बाहेर आलेली कांब थंड करून, ताणून सरळ करून, मग पावणेदोनशे अंशांच्या आसपास काही तास भट्टीत मुरवली म्हणजे तिला अपेक्षित बळ येते.

या धातूचे मूळ आपल्यापासून फार दूर नाही. कोल्हापूर जिल्ह्याच्या जांभ्या पठारांवर बॉक्साइट सापडते आणि बेळगावच्या कारखान्यात बॉक्साइटपासून ॲल्युमिना तयार होते. मात्र ॲल्युमिनापासून एक किलो धातू वेगळा करण्यास तेरा ते पंधरा युनिट वीज खर्ची पडते; ही कांब लोखंडी अँगलपेक्षा महाग का पडते, याचे एक कारण या हिशेबात आहे. जुना धातू वितळवून पुन्हा घडवण्यास मात्र त्या विजेच्या विसाव्या हिश्श्याच्या आसपासच ऊर्जा लागते, म्हणून भंगारवालाही तिला मान देतो.

खाचेची कल्पना तशी जुनीच. मिलिंग यंत्राच्या टेबलावर कामाचा तुकडा आवळून धरण्यासाठी अशाच टी-आकाराच्या खाचा फार पूर्वीपासून आहेत. भोके पाडलेल्या पट्ट्या आणि नट-बोल्ट यांवर मुलांना वाटेल ते यंत्र रचू देणाऱ्या मेकॅनो या खेळाचे पेटंट लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबी यांनी १९०१ साली घेतले. दुसऱ्या महायुद्धानंतर लंडनमध्ये डिमिट्रियस कोमिनो यांनी भोकांचा पोलादी अँगल ‘डेक्सियन’ या नावाने बाजारात आणला. ज्याने कोणत्याही कचेरीच्या अभिलेखकक्षात डोकावून पाहिले असेल, त्याला हा अँगल वेगळा दाखवावयास नको. फेरफार, खासरापत्रके आणि जुन्या कैफियतींची रुमालात बांधलेली दप्तरे ज्या घोड्यांवर रचलेली असतात, त्या घोड्यांचे पाय याच जातीचे. ॲल्युमिनियमच्या कांबेने भोकांची ती ठिपक्यांची रांग मोडून सलग खाच केली, एवढाच पुढचा टप्पा.

या सांगाड्याची स्तुती करताना त्याच्या मर्यादांवर पांघरूण घालणे शास्त्राला धरून होणार नाही. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ एकतृतीयांश वजनाचे, परंतु ताठरपणाही एकतृतीयांशच. तोच छेद, तीच लांबी आणि तेच ओझे असता ॲल्युमिनियमची कांब पोलादाच्या तिप्पट वाकते. शिवाय लांबी दुप्पट केली की मध्यावरचा झोल आठपट होतो, आणि हा नियम माळवदाच्या सुताराने सूत्र न शिकताही खणाच्या मापात पाळलेला असतो. त्यावर उपाय दोन: टेकू जवळ आणावेत, किंवा चाळीस-ऐंशीची कांब घेऊन ती आडवी न ठेवता उभ्या धारेवर ठेवावी. दुसरी मर्यादा जोडाची. तो बव्हंशी घर्षणावर टिकतो. यंत्राची थरथर सतत पोहोचत असेल तर बोल्ट सैल पडण्याचा संभव असतो, म्हणून कोपऱ्यांना ब्रॅकेट द्यावेत आणि ठरावीक मुदतीने सारे बोल्ट तपासावेत. कांबेचे टोक गुनियात कापलेले नसेल, तर पुढचा प्रत्येक कोपरा ती चूक इमानेइतबारे वाहून नेतो. मग वेल्डिंगच का करू नये, असे कोणी विचारील. तर भट्टीत मुरवून आणलेले बळ वेल्डिंगच्या उष्णतेने जोडालगत पुष्कळसे, कधी निम्म्यापर्यंतही, ओसरते. तेव्हा नट-बोल्टाचा जोड ही या धातूची प्रकृती ओळखून केलेली तजवीज आहे.

नवशिक्याची एक चूक मात्र ठरलेली. चौकट चारही बाजूंनी आवळून झाल्यावर त्याच्या ध्यानात येते की मधल्या फळीसाठीचे दोन नट आत सरकवावयाचे राहून गेले. आता खाचेची दोन्ही टोके बंद झालेली असतात आणि निमूटपणे एक बाजू पुन्हा सोडवावी लागते. समोरूनच आत घालून फिरवावयाचे नट मिळतात खरे, परंतु ही फजिती एकदा झाल्यावाचून रचनेचा क्रम आधी कागदावर मांडण्याची सवय लागत नाही.

पुण्याजवळ चाकणच्या पट्ट्यात जुळणीची टेबले, सरकते पट्टे आणि यंत्रांभोवतीची सुरक्षा-कुंपणे अशा कांबांची असतात, कारण मोटारीचे मॉडेल बदलले की मांडणीही बदलावी लागते. विद्यार्थ्यांची गरज याहून निराळी नाही. आशिया-पॅसिफिक विभागाची रोबोकॉन स्पर्धा २००८ आणि २०१४ साली पुण्यात भरली होती. तिचे कोडे दरवर्षी नवे असते, सबब गतवर्षीचा यंत्रमानव यंदा निरुपयोगी ठरतो. वेल्डिंग केलेला सांगाडा अशा वेळी कर्मशाळेच्या मागे गंजत पडतो, आणि खाचांचा सांगाडा दुपारभरात सुटा होऊन पुढच्या तुकडीच्या स्वाधीन होतो.

मराठवाड्यात जुना वाडा उतरवतात तेव्हा त्याचे सागवान विकले जाते आणि दुसऱ्या गावी दुसऱ्या घरात ते पुन्हा उभे राहते. अशा घरातल्या एखाद्या खांबावर मध्येच एक रिकामी खाच दिसते. तिच्यात आता कोणतेही कुसू नाही, परंतु कोणे एके काळी येथे तुळई टेकली होती, एवढी साक्ष ती देत राहते. अनेकदा वापरलेली ॲल्युमिनियमची कांब उजेडात तिरपी धरली, तर तिच्या रुपेरी पृष्ठावरही वॉशरची पुसट वर्तुळे ओळीने उमटलेली दिसतात. त्यांतले कोणते वर्तुळ कोणत्या तुकडीचे, हे कोणी लिहून ठेवीत नाही. नवी मुले त्या खुणांच्या शेजारीच आपला नट सरकवतात आणि बोल्ट आवळतात.